बंदरावर विचारलेला प्रश्न

गेल्या वर्षीच्या श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चौथीत माझ्या वर्गात होती तेव्हा पाढे म्हणताना तिला एका पायावर उभे राहायची सवय होती. आता ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि मग ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही इतिहासाचे जाणकार. एक विचारू?"

मी मनातून सुखावलो. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन ऐतिहासिक, म्हणून गावाने माझ्या नावाला हे शेपूट लावले आहे. एरवी माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही हे गावालाही ठाऊक आहे आणि मलाही.

तिचा प्रश्न मात्र शिवकालातला नव्हता. ती आणि एक तरुण पुण्यात एकत्र राहतात. लग्न केलेले नाही. कधी करायचे तेही ठरलेले नाही. त्या तरुणाला जोहान्सबर्गला तीन वर्षांसाठी काम मिळाले आहे. त्याचा व्हिसा त्याची कंपनी काढणार. हिचे काय? "लग्नाचा दाखला नसताना मला त्याच्याबरोबर जाता येईल का?"

तिचे वडील माझे जुने स्नेही, एस.टी.त वाहक. माणूस सोन्यासारखा, पण मुलीने लग्नावाचून घर मांडले त्या दिवसापासून हा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जातात. त्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडलेला नाही. "ग्रामसेवकाकडे जा, सही कर, कागद घे आणि मग कुठे जायचे तिकडे जा," एवढेच त्यांचे म्हणणे. आणि मुलीचे म्हणणे असे की, केवळ व्हिसासाठी केलेले लग्न म्हणजे लग्नाचाच अपमान. मी दोघांचाही मिंधा. तिला म्हटले, "मला थोडे वाचू दे."

पण 'दक्षिण आफ्रिका' हे नाव ऐकून माझ्या मनात काहीतरी हलले होते. कारण बंदरावर उभ्या राहिलेल्या बाईला "तू याची कोण?" हा प्रश्न ज्या देशात सर्वांत कठोरपणे विचारला गेला, आणि ज्या प्रश्नावरून आपल्या घरंदाज बायका तुरुंगात गेल्या, तो हाच देश.

मजुरीच्या करारावर गेलेल्या हिंदी माणसांची पहिली बोट दरबानला लागली ती १६ नोव्हेंबर १८६० रोजी. तिचे नाव 'ट्रूरो', आणि ती मद्रासेहून निघाली होती. उसाच्या मळ्यांवर माणसे हवी होती. पाच वर्षांचा करार, ठराविक शिधा, ठराविक वेतन. त्यांच्या मागोमाग स्वतःचे भाडे भरून व्यापारी गेले. त्यांत गुजराती पुष्कळ होते, आणि आपल्या कोकणातलेही होते. रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान केपटाउनला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

अशा माणसाचा परिपाठ ठरलेला असे. आधी एकट्याने जायचे, चार पैसे गाठीला बांधायचे, गावी येऊन लग्न करायचे किंवा लग्नाच्या बायकोला घेऊन परत बोटीत बसायचे. नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये कायदा करून येणाऱ्यांवर युरोपीय भाषेच्या परीक्षेचे कुंपण घातले, तरी तिथे वास्तव्य केलेल्या माणसाच्या बायकोला आणि लहान मुलांना वाट मोकळी ठेवली होती. म्हणजे बाईची परीक्षा भाषेची नव्हती, नात्याची होती. ती याची बायको आहे एवढे पटले की झाले.

कस्तुरबा त्या किनाऱ्याला प्रथम पोचल्या त्या १८९६ च्या डिसेंबरात. मुंबईत प्लेग आहे असे निमित्त करून बोट तेवीस दिवस बंदरात अडकवून ठेवली होती. गोऱ्यांचा राग होता तो गांधींवर. पण त्या बोटीवर 'तू याची बायको कशावरून?' असे कस्तुरबांना कोणी विचारल्याचे वाचनात नाही. आणि विचारले असते तर त्यांनी काय दाखवले असते? पोरबंदरला तेरा वर्षांच्या वयात लग्न झालेले, तेही काटकसर म्हणून घरातल्या तीन मुलांचे एकाच मांडवात. त्या लग्नाला मांडव होता, वाजंत्री होती, जेवणावळी होत्या. दाखला नव्हता. तुमच्या-माझ्या पणजीच्या लग्नाला तरी कुठे होता?

१४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप नावाचे एक गृहस्थ पोर्ट एलिझाबेथला राहत. त्यांची पत्नी बाई मरियम हिंदुस्थानातून आली. तिला उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. लग्न इस्लामी रीतीने झालेले होते. न्यायमूर्तींनी ठरवले की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हसन इसप यांना दुसरी बायको होती असे कोणी म्हटलेले नव्हते. ती करण्याची त्यांना मुभा होती, एवढेच कारण पुरले. हा तर्क काही त्या न्यायमूर्तींच्या डोक्यातून निघालेला नव्हे. १८६६ मध्ये इंग्लंडात हाइड नावाच्या माणसाचा घटस्फोटाचा खटला झाला. तो अमेरिकेत युटा इथे मॉर्मन पंथाच्या रीतीने लग्न करून आलेला. त्या खटल्यात लॉर्ड पेन्झन्स यांनी लग्नाची व्याख्या सांगितली: एक पुरुष, एक स्त्री, जन्मभरासाठी, इतर सर्वांना वगळून. मॉर्मनांसाठी घडवलेली ही चौकट पन्नास वर्षांच्या आत अर्ध्या जगाच्या बायकांना मोजायला वापरली गेली. आपल्या इथे हिंदू पुरुषालाही तेव्हा दुसरे लग्न करता येई. मुंबई प्रांतात त्याला कायद्याने मनाई झाली ती १९४६ मध्ये. म्हणून हा निकाल एकट्या बाई मरियमचा राहिला नाही. हिंदू, मुसलमान, पारशी या सर्वांच्या बायका एका सकाळी कायद्याच्या नजरेत लग्नावाचूनच्या सोबतिणी झाल्या आणि त्यांची मुले वारसाहक्काला मुकण्याच्या बेतात आली.

आजच्या भाषेत ज्याला 'अविवाहित जोडीदार' म्हणतात तो शब्द तेव्हा नव्हता. जो होता तो फार वाईट होता. गांधींनी आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात या प्रकरणाला एक स्वतंत्र भाग दिला आहे. आणि तोवर ज्या सत्याग्रहात बायकांना घ्यायला ते धजत नव्हते त्यात त्यांना घ्यायचे याच वेळी ठरले, असे त्यांनीच लिहिले आहे.

१५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्सच्या आश्रमातून सोळा माणसे निघाली. त्यांत चार बायका होत्या: कस्तुरबा, छगनलाल गांधींच्या पत्नी काशी, मगनलाल गांधींच्या पत्नी संतोक, आणि बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांच्या पत्नी जयकुंवर. नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सव्हालमध्ये परवान्यावाचून शिरायचे आणि नावे सांगायची नाहीत, असा बेत होता. गांधींची माणसे आहेत हे कळले तर सरकार पकडणारच नाही, ही भीती. बायको म्हणून मान्यता मिळावी यासाठी निघालेल्या बाईने कुणाची बायको हे सांगायचे नाही! कादंबरीत मी असा प्रसंग घातला असता तर परीक्षकांनी तो ओढून-ताणून आणलेला म्हटले असते.

फोक्सरस्टला त्यांना पकडले. २३ सप्टेंबरला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि त्यांना मारित्झबर्गच्या तुरुंगात ठेवले. तिथे बायकांना कपडे धुण्याचे काम असे आणि अन्न अगदी निकृष्ट. २२ डिसेंबरला कस्तुरबा सुटल्या तेव्हा त्यांची प्रकृती पार खालावलेली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या बाई, पण त्यांना पाहून लोकांना त्या वृद्ध वाटाव्यात अशी स्थिती.

दुसरीकडे टॉलस्टॉय फार्मवर राहिलेल्या अकरा बायका, बहुतेक तमिळ, न्यूकॅसलला गेल्या आणि कोळशाच्या खाणींतल्या मजुरांना म्हणाल्या, काम सोडा. मजुरांनी सोडले. ६ नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले सरहद्दीकडे चालू लागली. हे सारे लग्नासाठी झाले असे म्हणणे खोटे होईल. मजुराच्या उरावर दरसाल तीन पौंडांचा कर होता आणि तोच त्यांच्या संपाचे कारण होता. तो उठवण्याचे वचन १९१२ च्या दौऱ्यात आपल्याला मिळाले असे गोपाळ कृष्ण गोखल्यांना वाटले होते. तिथल्या सरकारने पुढे ते नाकारले, तेव्हा कोतळूकच्या मातीतला तो मधुमेहाने पोखरलेला माणूस अंथरुणाला खिळायचे सोडून वर्गणी गोळा करत हिंदुस्थानभर फिरला. तेव्हा करही होता. पण खाणीपर्यंत ठिणगी नेली ती बायकांनी, आणि त्यांच्या मनात जो जाळ होता तो कराचा नव्हता.

त्यांतली वल्लिअम्मा ही सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी गेली. तिचे तर लग्नही झालेले नव्हते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. चौकशी समिती बसली, स्मट्स आणि गांधी यांच्यात समेट झाला आणि १९१४ च्या जुलैत कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी धर्मरीतीने झालेले, प्रत्यक्षात एकपत्नी असलेले लग्न मान्य झाले. एक बायको आणि अज्ञान मुले यांना येण्याची मुभा मिळाली. या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. आधीपासून नवराबायको म्हणून नांदणाऱ्या जोडप्याने अधिकाऱ्यापुढे जाऊन नोंद करायची, की ते लग्न मुळापासून, ज्या दिवशी झाले त्या दिवसापासून, कायदेशीर. चार मुलांचे आईबाप नव्या नवरानवरीसारखे कचेरीत उभे राहिलेले मला डोळ्यांसमोर दिसतात. ज्यांच्या घरी दोन बायका होत्या त्यांचा प्रश्न मात्र कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. १८ जुलैला गांधींनी तो देश सोडला.

आणि इथेच शाळेच्या पुस्तकातला धडा संपतो. पण बंदरावरचा प्रश्न काही संपला नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या मोहल्ल्यात एक बाई राहत. त्यांना सारे केपवाली चाची म्हणत. ईदेला आम्हा शाळकरी पोरांना त्यांच्याकडे शीरखुर्मा मिळे, म्हणून ते घर माझ्या चांगले लक्षात आहे. माजघरात एक भलीमोठी लोखंडी पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने केपटाउनचा पत्ता रंगवलेला. चाचींचा निकाह १९५४ सालचा. नवरा केपटाउनला जन्मलेला, दुकानात कामाला. तो गावी येऊन लग्न करून गेला आणि पाठोपाठ हिला नेणार होता. पण त्या आधीच, १९५३ मध्ये, तिथल्या वर्णद्वेषी सरकारने कायदा करून हिंदुस्थानातून बायका आणण्याचा हक्क काढून घेतला होता. १९१४ मध्ये जे मिळवले ते एकोणचाळीस वर्षांनी गेले. लोक म्हणत, कायदा ढिला पडेल, थोडे थांबा. चाची थांबल्या. नवरा चार-पाच वर्षांनी एकदा यायचा, दोन महिने राहायचा. मी पाहिले तेव्हा त्यांचे केस पिकू लागले होते आणि पेटीत गोधड्या ठेवलेल्या असत. निकाहनामा होता, काझींच्या वहीत नोंद होती, साक्षीदार गावातच हिंडत-फिरत होते. बाई मरियमपाशी कागद असूनही तो मान्य नव्हता असे म्हणावे, तर चाचींचा कागद मान्य होता आणि तरी उपयोगाचा नव्हता. एखाद्याला आत घ्यायचेच नसले म्हणजे लग्न हे केवळ निमित्त असते, हे मला त्या पेटीने शिकवले.

ही गोष्ट एका देशाचीच आहे असेही नाही. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर आपल्या देशातली एक पस्तीस वर्षांची शिक्षिका उतरली. ती तिथे स्थायिक झालेल्या वाग्दत्त वराशी लग्न करायला आली होती. त्या काळी इंग्लंडात वाग्दत्त वधूला आधी परवाना काढावा लागत नसे, लग्नाच्या बायकोला लागे. अधिकाऱ्याला शंका आली की ही आधीच लग्न झालेली असून परवाना चुकवण्यासाठी वधू म्हणवते आहे. मग डॉक्टरकडून तिची जी तपासणी करवली ती या अंकाच्या पानावर सांगण्यासारखी नाही. वर्तमानपत्राने ती उजेडात आणली, आरडाओरड झाली आणि सरकारला तो प्रकार बंद करावा लागला. त्याच इंग्लंडने १९९७ मध्ये लग्नावाचून राहणाऱ्या जोडीदाराला प्रथम सवलत दिली. चार वर्षे एकत्र राहिल्याचे दाखवा, अशी अट होती. पुढे ती दोनवर आली आणि २००० मध्ये नियमांच्या पुस्तकात गेली. कॅनडाने २००२ च्या कायद्यात एक वर्षाचा एकत्र संसार पुरेसा धरला. अमेरिकेत मात्र नोकरीवर जाणाऱ्याच्या मागे जायला लग्नच लागते. एरवी पाहुणी म्हणून जावे. जर्मनीतही कुटुंब म्हणून जायचे तर बिनलग्नाच्या जोडीदाराला दार बंदच आहे. जितके देश तितक्या सासवा.

आता पुन्हा दक्षिण आफ्रिकेकडे. १९९४ मध्ये राज्य पालटले, १९९६ मध्ये नवी राज्यघटना झाली. २ डिसेंबर १९९९ रोजी तिथल्या घटना न्यायालयापुढे एक खटला निकाली निघाला. काही जोडप्यांत दोघेही पुरुष किंवा दोघीही स्त्रिया होत्या. त्या काळी त्यांना लग्न करण्याची मुभाच नव्हती, आणि परदेशी जोडीदाराला देशात ठेवून घ्यायचे तर कायदा फक्त नवराबायकोला ओळखत होता. न्यायालयाने एकमताने सांगितले की हे घटनेला धरून नाही, आणि कायद्याच्या त्या कलमात 'पती-पत्नी' या शब्दापुढे कायमच्या जोडीदाराचा शब्द स्वतःच बसवून दिला. पुढे २००२ च्या कायद्याने लग्नावाचून कायमचे नाते असलेल्या स्त्री-पुरुषांनाही याच व्याख्येत घेतले. हे न्यायालय २००४ पासून जोहान्सबर्गच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात भरते. तो किल्ला म्हणजे तुरुंग होता. १९०८ मध्ये गांधींना तिथेच ठेवले होते.

पण त्या निकालातली जी गोष्ट मी दोनदा वाचली ती वेगळीच. नाते कायमचे आहे हे ओळखायचे कसे, याच्या खुणा न्यायमूर्तींनी सांगितल्या आहेत. किती वर्षांचा सहवास, काही समारंभ केला होता का, एकाच घरात राहतात का, घरखर्च कोण आणि कसा उचलतो, काही मालमत्ता जोडीने घेतली का, मृत्युपत्रात एकमेकांची सोय केली आहे का, आणि आप्तेष्ट त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात. मला हसू आले. आमच्या गावच्या पारावर नेमक्या याच चौकश्या होतात, फक्त मृत्युपत्राची तेवढी होत नाही!

(जाता जाता एक सांगितले पाहिजे. बाई मरियमच्या रीतीने झालेल्या लग्नांना पूर्ण मान्यता नसणे हे घटनाबाह्य आहे, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला तो २०२२ च्या जूनमध्ये. मोजून पाहा: एकशे नऊ वर्षे.)

माझ्या विद्यार्थिनीला मी हे सगळे सांगितले. ती अर्थात माझ्या पुढे होती. सारे नियम तिने आधीच काढून ठेवले होते. नोटरीपुढे केलेला करार हवा, नाते दोन वर्षांपासून असल्याचा पुरावा हवा, आणि त्या व्हिसावर तिला तिथे नोकरी करता येणार नाही. या शेवटच्या अटीचे तिला वाईट वाटत होते. फायलीत घरभाड्याचा करार होता, दोघांच्या नावचे बँकेचे खाते होते, विजेची बिले होती, गॅसच्या जोडणीची पावती होती. कस्तुरबांपाशी संसार होता आणि कागद नव्हता. या पोरीपाशी कागदांची चळत होती आणि तरी ती घाबरलेली होती. "गुरुजी," ती म्हणाली, "ओळखीच्या मोठ्या माणसाचे एक पत्र जोडायचे आहे. आम्ही घर करून राहतो हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढेच लिहायचे. बाबांना सांगून पाहिले. ते गोठ्यात गेले."

पंचवीस वर्षे निबंध तपासणाऱ्या मला त्या चार ओळी लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. त्या मुलाला तिचा कोण म्हणायचे? 'मित्र' म्हटले तर साहेब हाकलून देईल, 'नवरा' म्हटले तर खोटे होईल. शेवटी 'जोडीदार' लिहिले. सही करायच्या आधी मात्र मन खाऊ लागले. स्नेह्याच्या पाठीमागे त्याच्या मुलीची साक्ष आपण द्यायची, हे बरे दिसेना. कागद खिशात घालून त्यांच्याकडे गेलो. ते डेपोतून नुकतेच आले होते, गणवेश अजून अंगावर होता. मी काही न बोलता कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग खिशातले तिकिटांच्या हिशेबाचे पेन काढले आणि एका शब्दाखाली रेघ मारली.

"हे 'सुमारे दोन वर्षांपासून' काय लिहिलेत? सुमारे कशाला?" ते म्हणाले. "तारीख घाला. परवाच्या नव्हे, त्याच्याही आदल्या गुढीपाडव्याला त्यांनी घर मांडले. हिच्या आईने परात आणि कुकर बांधून दिला होता. माझी स्वारगेटची पाळी होती त्या दिवशी. खाली वॉचमनकडे ठेवून आलो."